खाटेवर पडून बघणारे नाना

माझ्या नावापुढे बी.ए. लागलं ते नानांमुळे. आणि माझे वडील आज परळी रस्त्यावरच्या ज्या घरात राहतात, तेही नानांनीच पसंत केलेलं आहे. नाना माझ्या नात्यातले नाहीत. अंबाजोगाईच्या ज्या बोर्डिंगात मी आठवीपासून राहिलो, तिथले ते अधीक्षक. पण त्यांना अधीक्षक कोणीच म्हणत नसे. आम्ही पोरं त्यांना नाना म्हणायचो आणि माझे वडील, म्हणजे आबा, त्यांना ‘त्यो मास्तर’ म्हणायचे.

आबांसाठी जागा कशी शोधली, हे मला हल्ली बरेच जण विचारतात. आमच्या भागात हा विषय अजून हळू आवाजात बोलला जातो. ऑफिसातला एखादा माणूस चहाच्या निमित्ताने बाहेर घेऊन जातो आणि इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणतो, "तुमी वडलांना कुठंतरी ठिवलंय म्हणं. कसं काय बघितलं?" त्याच्या घरीही कोणीतरी अंथरुणावर असतं. मी सांगायला लागतो आणि दर वेळी सुरुवात नानांपासूनच करावी लागते. म्हणून एकदा नीट लिहून काढतो आहे.

बोर्डिंगात नवीन मुलगा आला की त्याला खाट देण्याआधी नाना स्वतः त्या खाटेवर आडवे व्हायचे. चपला काढून, दोन्ही हात पोटावर ठेवून, छताकडे बघत चांगला वेळ पडून राहायचे. मुलगा आणि त्याचा बाप पत्र्याची पेटी घेऊन शेजारी उभे. बापाला वाटायचं, साहेबांना चक्कर आली की काय. मग नाना पडल्या पडल्या बोलायचे, "इथून दार दिसत नाही. लहान पोराला दार दिसलं पाहिजे." किंवा, "लघवीला उठला तर याला दोघांच्या अंगावरून जावं लागंल. ही नको." मग उठून दुसऱ्या खाटेवर. माझ्या वेळी त्यांना पहिल्या दोन खाटा पसंत पडल्या नाहीत. तिसरीवर ते आडवे झाले तेव्हा आबांनी न राहवून विचारलं, "मास्तर, झोप झाली न्हाई का रातीला?"

नाना हसले नाहीत. म्हणाले, "ही बरी आहे."

त्यांच्या शर्टाच्या खिशाला दोन पेन असत. एक चालणारा, एक न चालणारा. कोणी पेन मागितला की ते न चालणारा द्यायचे. माणूस तो परत आणून देतो का, आणि देताना काय बोलतो, हे त्यांना बघायचं असे. "चालत नाही" असं तोंडावर सांगणाऱ्याला ते चालणारा देत. आमच्यातले निम्मे तो पेन घेऊन जात आणि मुकाट्याने परत आणून ठेवत. अशांची नानांना काळजी वाटायची.

हजेरी ते नावं पुकारून घेत नसत, दाराबाहेरच्या चपला बघत. कोणाची चप्पल कोणती हे त्यांना पाठ होतं. एकदा एक मुलगा स्वतःच्या चपला दारात ठेवून मित्राच्या चपला घालून सिनेमाला गेला. परत आला तर त्याच्या खाटेवर नाना झोपलेले. आणि नुसते पडलेले नव्हते, घोरत होते. त्यांना उठवायची हिंमत झाली नाही म्हणून तो बाकड्यावर झोपला. सकाळी नाना त्याला एवढंच म्हणाले, "तुझी खाट चांगली आहे रे. ढेकूण नाहीत."

पंगतीत पोरं गोंगाट करायला लागली की कोणताही अधीक्षक ओरडतो. नाना मात्र पंगत गप्प झाली की ओरडायचे. "काय झालं? भाजी खराब आहे, का कोणी कोणाला मारलं?" त्यांचं म्हणणं असं की एवढी माणसं एका जागी गप्प बसून जेवत असतील तर तिथं काहीतरी बिघडलेलं असतं.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. बाराही महिने थंड पाण्याची आंघोळ हा त्यांचा हट्ट होता, आणि त्यापायी दर हिवाळ्यात दोन-चार पोरं तापाने पडत. वेळापत्रकाचं त्यांना वेड होतं. भिंतीवर मिनिटामिनिटाचं वेळापत्रक आणि त्यात ‘विनाकारण गप्पा’ यालासुद्धा वेळ दिलेली. ती वेळ संपली की ते खरंच येऊन सांगत, "झाल्या गप्पा. उठा."

आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की घराला कुलूप लागतं आणि सगळं कुटुंब मेंढरांमागे बाहेर पडतं, ते पावसाळ्याच्या तोंडाला घाटनांदूरजवळच्या गावी परत येतं. मी बारावीला होतो त्या वर्षी आई वारली. मेंढरांच्या तळावर हात कमी पडायला लागले. थोरला भाऊ, दादा, बोर्डिंगात आला, आणि नाना बाहेरगावी गेले असताना मला घेऊन गेला. माझी काही तक्रार नव्हती. घरची अडचण दिसत होती.

चार-पाच दिवसांनी दुपारच्या वेळी लांबून एक छत्री येताना दिसली. नाना होते. एस.टी.तून उतरून, विचारत विचारत, चांगलं अंतर चालून आलेले.

आबा म्हणाले, "मास्तर, कावून आलाव एवढ्या उन्हाचं?"

"राहायला," नाना म्हणाले.

आणि राहिले. आबांनी आपल्या शेजारी त्यांना घोंगडं टाकून दिलं. नाना सकाळी उठून आमच्याबरोबर मेंढरांमागे निघाले. त्यांना मेंढरातलं काही कळत नव्हतं. ते भलत्याच बाजूला हाक मारायचे, आणि आमचा कुत्रा त्यांना कळपातलंच एक समजून वळवून आणायचा. मला सोडा, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. संध्याकाळी कंदिलाजवळ मला बसवून इतिहासाचं पुस्तक उघडायचे आणि मोठ्याने वाचायला लावायचे. तिसऱ्या दिवशी आबा दादाला म्हणाले, "घिऊन जाऊ दे बाबा पोराला. ह्यो मास्तर अजून आठ दिस हितं ऱ्हायला तर मेंढरं शिकायची आन पोरगं ऱ्हायचं."

अशा रीतीने मी पदवीधर झालो. आमच्या घराण्यातला पहिला.

पुढे मला केजला सरकारी कार्यालयात कारकुनाची नोकरी लागली. बायको खासगी शाळेत शिकवते. आम्ही पहिल्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो. जिना अरुंद आहे.

आबांना तळावरच अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला. बोलणं राहिलं, पण शब्द उशिरा यायला लागले. तुम्ही काही विचारलं की ते ऐकतात, कळतं त्यांना, आणि मग बराच वेळाने एक-दोन शब्द बाहेर पडतात. तोपर्यंत विचारणारा पुढे निघून गेलेला असतो. दवाखान्यातून सोडल्यावर मी त्यांना केजला आणलं. त्यांना खाली उतरवायचं म्हणजे दोन माणसं लागत. आम्ही दोघंही दिवसभर बाहेर. शेजारच्या काकू मध्येच डोकावून जायच्या. एक दिवस आबा न्हाणीघरात पडले आणि आम्ही येईपर्यंत तिथेच पडून होते. त्यानंतर बायको आणि मी दोघंही नोकरी सोडण्याबद्दल बोललो आणि दोघांनाही ती सोडता येत नव्हती. दादाला मेंढरं सोडता येत नव्हती.

मी दोन वृद्धाश्रमांना फोन केले. दोन्हीकडून एकच उत्तर आलं, माणसाला स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. आजारी माणसाला घेणारी जागा वेगळी असते हे मला तेव्हा कळलं. तिला शुश्रूषा केंद्र म्हणतात, आणि आमच्या भागात अशी केंद्रं थोडी आहेत. बीडच्या बाजूला रस्त्यालगत एक मोठं केंद्र असल्याचं समजलं.

आता इथं आमचं चुकलं ते सांगतो. आमच्या मामांनी ही गोष्ट हातात घेतली. मामा म्हणजे आईचे भाऊ. आमच्या घरातल्या सगळ्या सोयरिकी त्यांनीच जमवलेल्या. ते म्हणाले, "तू येकला जाऊन काय बघणार भाच्या? चार माणसं घिऊन जाऊ." मग जीप ठरली. मामा, चुलते, तळावरून आलेला दादा आणि मी. धुतलेले कपडे, डोक्याला पटके. "आमी येतोय" असा फोन आदल्या दिवशीच गेलेला.

तिथं आमचं स्वागत झालं. गुळगुळीत फरशी, थंडगार हॉल, चहा, बिस्किटं. व्यवस्थापक हसतमुख माणूस. त्यांनी दारातून खोल्या दाखवल्या. आम्ही दारातून बघितल्या. मग बैठक बसली, गाव कुठलं, पाहुणे कुठले, अशी चौकशी झाली, आणि मामांनी पिशवीतून टॉवेल-टोपी आणि नारळ काढून व्यवस्थापकांचा आहेर केला. पहिल्यांदा कोणाच्या दारात जायचं तर रिकाम्या हाताने कसं, असं त्यांचं म्हणणं. व्यवस्थापकही आपल्याच भागातले. त्यांनी लगेच एक शाल मागवून मामांच्या खांद्यावर घातली. फोटो निघाला.

जीपमध्ये बसताना मामा म्हणाले, "जमलं म्हणा. माणसं मानपानाची हायती."

जमलं म्हणजे मोडता येत नाही. ते कोणी बोललं नाही, पण जीपमधल्या चौघांनाही तसंच वाटत होतं. पुढच्या सोमवारी आबांना नेऊन सोडायचं ठरलं.

मी नानांना सांगायला गेलो. नाना तेव्हा निवृत्त होऊन बोर्डिंगाच्या मागच्या खोलीत राहत होते. कानाने कमी ऐकू यायचं. जवळ बसून मोठ्याने बोलावं लागे.

"खाटेवर पडून बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मामा पडले?"

"नाही नाना. मामा कसे पडतील?"

"मग चौघं जाऊन काय केलं तुम्ही?"

मी आहेराचं सांगितलं. नानांनी कोपऱ्यातली छत्री घेतली.

त्याआधीच्या बुधवारी दुपारी आम्ही दोघं एस.टी.ने त्या केंद्रात गेलो. कळवलं नव्हतं. चारचा सुमार असेल. टेबलाशी एक मुलगी बसली होती. तिने नानांकडे बघितलं, मग मला विचारलं, "पेशंट हेच का?"

मी बोलायला तोंड उघडलं तर नानांनी माझं मनगट दाबलं. मी "हो" म्हणालो.

"जेवण स्वतःच्या हाताने करतात?"

"करतात."

"रात्री ओरडतात का?"

"नाही."

"चिडचिड?"

"थोडी," मी म्हणालो. नानांनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं.

"होते सवय," ती मुलगी म्हणाली. "महिनाभरात शांत होतात सगळे."

ती वाईट मुलगी नव्हती. मला धीर देत होती. नानांना खाट बघायची आहे म्हटल्यावर तिने एका मदतनिसाला हाक मारली. आत मोठी खोली, दोन्ही बाजूंनी खाटा, पांढऱ्या चादरी. नाना एका रिकाम्या खाटेवर आडवे झाले. मदतनीस आला, त्याने नानांचे पाय उचलून सरळ केले, खाटेचा कठडा वर ओढला, आणि नानांच्या खिशातले दोन्ही पेन काढून माझ्या हातात दिले. "टोचतील त्यांना," मला म्हणाला. नानांशी तो एक शब्द बोलला नाही. नाना छताकडे बघत होते.

आम्ही तिथं तासभर होतो. कोणी भांडलं नाही, कोणी हाक मारली नाही. झोपलेले झोपले होते आणि जागे होते ते छताकडे बघत होते. नानांनी मान वळवून विचारलं, "यांच्या चपला कुठं आहेत?" मदतनीस मला म्हणाला, "कपाटात ठेवतो काका. घालून जायचंय कुठं?"

परतीच्या गाडीत नानांनी दोन्ही पेन माझ्याकडून घेऊन पुन्हा खिशाला लावले. मग म्हणाले, "जागा स्वच्छ आहे. पोरं प्रामाणिक आहेत. मारहाण होणार नाही, उपाशी ठेवणार नाहीत." थोड्या वेळाने म्हणाले, "पण चारच्या वेळेला एवढी माणसं अंथरुणात कशी? आपल्याकडचं म्हातारं माणूस चार वाजता चहासाठी भांडतं." आणि अगदी अंबाजोगाई आल्यावर, "तो पेन त्याने मला मागितला असता तर मी दिला असता."

कोणता पेन दिला असता, हे मी विचारलं नाही.

उतरताना त्यांनी विचारलं, "आबांना विचारलंस?"

"काय?"

"कुठं राहायचं ते."

विचारलं नव्हतं. आम्ही चार शहाणी माणसं जीप करून गेलो आणि आलो. ज्याला राहायचं होतं त्याला विचारायला वेळ लागला असता.

मामांकडे जायचं मला अवघड वाटत होतं, म्हणून नाना बरोबर आले. मामा ओट्यावर बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टॉवेल-टोपी झाली नाना. शाल झाली. फोटू निघाला. आता न्हाई म्हणायचं म्हंजी माणसात तोंड दावायचं न्हाई मी."

नानांनी कानाला हात लावून पुन्हा सगळं ऐकलं. मग विचारलं, "तुमची बहीण यांच्या घरात दिली, तेव्हा घर बघायला कळवून गेला होता का?"

"कळवून कशाला? मी मेंढरं घ्यायला आलोय म्हणून गेलतो. दोन दिस ऱ्हायलो. हिच्या सासूला भांडताना ऐकलं, सासऱ्याला दारू पिताना बघतो म्हणलं तर पीत न्हवता. मंग हो म्हणलं."

"आणि आबांना मात्र जीप करून," नाना म्हणाले.

मामांनी चंचीतून सुपारी काढली, कातरली, नानांना दिली. मग मला म्हणाले, "फोन लाव बे त्या म्यानेजरला." आणि फोनवर त्यांनी स्वतःच सांगितलं की आमचं जमत नाही, तुमच्याकडे काही खोट नाही, टोपी तुमालाच राहू द्या. पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण ती शाल मामा अजून वापरतात.

परळी रस्त्यावरची जागा माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितली. त्याची आत्या तिथं होती. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर आणि त्यांचे यजमान चालवतात. या वेळी आम्ही तिघंच गेलो. मी, नाना आणि आबा. सहकाऱ्याने गाडी दिली.

पहिल्यांदा बघितल्यावर माझं मन खट्टू झालं. बैठं घर, पत्र्याचा पडवीवजा व्हरांडा, भिंतीचा गिलावा जागोजागी गेलेला. औष्णिक वीज केंद्राची राख वाऱ्याने येते, ती खिडक्यांच्या गजांवर बसलेली. आत शिरण्याआधीच भांडण ऐकू आलं. व्हरांड्यात दोन म्हातारे पेपरवरून भांडत होते. एक म्हणत होता, तू सकाळपासून एकच पान धरून बसलायस. दुसरा म्हणत होता, मला हळू वाचायची सवय आहे. एक आजी दोघांनाही शिव्या देत होत्या.

नाना खूश झालेले मला स्पष्ट दिसत होते. ऐकू किती आलं कोणास ठाऊक, पण हातवारे बघूनच ते खूश झाले.

सिस्टर हात पुसत बाहेर आल्या. आबा गाडीच्या सीटवर होते, दार उघडं. सिस्टर त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. "बाबा, गाव कुठलं तुमचं?"

आबांचा ओठ हलायला लागला. मी नेहमीप्रमाणे सांगायला गेलो, "घाटनां—" तर सिस्टरनी माझ्याकडे न बघता हाताने मला थांबवलं. आम्ही सगळे थांबलो. पेपरचं भांडणही तेवढ्यापुरतं थांबलं असावं, किंवा मला तसं आठवतं.

"घाटनांदूर," आबा म्हणाले.

"चहा घेणार?"

पुन्हा थांबलो. "घेतो."

मग त्या उठून नानांकडे वळल्या. "आन तुमी?"

"मला खाट बघायची आहे," नाना म्हणाले.

"बघा की. आत शेवटची रिकामी हाय."

नाना जाऊन आडवे झाले. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा लगेच उठून बसला. "ओ पावणं, उठा. ती माझी टॉवेल वाळत घालायची खाट हाय."

"आता नाही," नाना झोपल्या झोपल्या म्हणाले, आणि दोघांची जुंपली.

त्या जागेत कमी खूप होतं. पुरुषांकडे एकच संडास, त्याला धरायला दांडी नाही. डॉक्टर रोज येत नाहीत, बोलवावे लागतात. एका कोपऱ्यात छत गळत असल्याच्या खुणा. नानांनी एकेक गोष्ट सांगितली आणि सिस्टरनी कोणतीही नाकारली नाही. दांडी लावू म्हणाल्या. छताचं पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. दांडी शेवटी मीच फिटर नेऊन बसवली. खर्च दोन्ही ठिकाणी जवळजवळ सारखाच होता.

मी विचारलं, "आबांना त्यांचं घोंगडं लागतं. चालंल का?" बीडच्या बाजूच्या त्या केंद्रात घरची अंथरुणं चालत नव्हती.

"चालतंय की. आठ दिवसाला उन्हात टाकावं लागंल, तेवढं तुमी आलाव की टाका."

मग नाना आबांसमोर खुर्ची ओढून बसले. ओरडून विचारलं, जसा बहिरा माणूस विचारतो तसं. "आबा, राहता का इथं?"

आबांनी व्हरांड्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. आम्ही वाट बघत होतो. मला वाटलं ते नको म्हणतील. मला वाटलं ते काहीच म्हणणार नाहीत, आणि मग मला पुन्हा सगळं माझ्या मनानेच ठरवावं लागेल.

"बारक्याला," आबा म्हणाले. बारक्या म्हणजे मी. "यायला गाडी हाय का?"

"केजहून परळीला जाणारी गाडी फाट्यावर थांबती," सिस्टर म्हणाल्या.

आबांनी मान हलवली. "मंग ऱ्हातो."

आबा तिथं राहायला लागल्यावर नाना महिन्यातून एकदा तरी जात. सुरुवातीला सिस्टरशी त्यांचं चांगलं जमलं. मग एक दिवस त्यांनी एक वेळापत्रक लिहून नेलं. उठणे, प्रार्थना, आंघोळ, पेपर पाळीपाळीने. सिस्टरनी ते वाचलं, घडी घातली आणि त्यांच्याकडे परत दिलं. "नाना, हे बोर्डिंग न्हाई. ही माणसं आयुष्यभर कामाला उठली. आता झोपू द्या की." नाना रुसले. पुढचे दोन महिने त्यांनी तिकडे पाऊल टाकलं नाही. मग न बोलता पुन्हा जायला लागले.

पुढे बोर्डिंगाची मागची खोली पाडायचं संस्थेने ठरवलं. नाना नांदेडला पुतणीकडे गेले. त्यांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी मला दर महिन्याला पत्र लिहायला सांगितलं. काय लिहायचं तेही सांगितलं. "ख्यालीखुशाली नको. आबांनी काय खाल्लं, कोणाशी भांडले आणि तू कोणत्या रविवारी गेला नाहीस, तेवढं लिही."

गेल्या महिन्यात त्यांचं पत्र आलं. जावयाची बदली हैदराबादला होणार आहे. नानांनी पुढे लिहिलं होतं, "मला कुठे ठेवायचे यावर इथे रोज चर्चा होते. मला ऐकू येत नाही असे समजून माझ्यासमोरच होते. दोघेही चांगले आहेत. परवा एक जागा बघून आले. गाडी करून गेले होते. फार स्वच्छ आहे म्हणतात. मला कोणी काही विचारलेले नाही. असो. आबांचे कळव."

त्याला मी जे उत्तर पाठवलं ते असं.

तीर्थस्वरूप नाना यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

आबांनी या महिन्यात भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, दोन्ही वेळ. वरण खात नाहीत. पातळ आहे म्हणतात. भांडण पेपरवाल्या बाबांशी झालं. आबांना वाचता येत नाही तरी ते आपल्या पाळीला पेपर मांडीवर घेऊन बसतात आणि सोडत नाहीत. सिस्टरनी निकाल आबांच्या बाजूने दिला. दुसऱ्या रविवारी मी गेलो नाही. मतदार यादीचं काम होतं. सोमवारी संध्याकाळी गेलो, तर आबा बोलले नाहीत. मंगळवारी पुन्हा गेलो, मग बोलले. घोंगडं उन्हात टाकलं आहे.

टॉवेलवाले बाबा पंधरवड्यापूर्वी वारले. झोपेतच गेले. त्यांची मुलं आली होती. आबांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही. त्यांची खाट तेव्हापासून रिकामी आहे, आबांच्या शेजारची. तिच्यावर मी रविवारी दुपारभर पडून बघितलं. दार दिसतं, दोन्ही खाटांच्या मध्ये खिडकी आहे. संडासला कोणाला ओलांडून जावं लागत नाही. छत गळत नाही, यंदा पत्रा बदलला. तुमच्या पुतणीला मी वेगळं पत्र लिहिलं आहे, पण ते तुम्ही हो म्हणालात तरच टाकीन.

सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते वेळापत्रकवाले?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा, आंघोळीला पाणी गरमच मिळंल." मग नाव-गाव लिहून घेताना विचारलं, तुमचे कोण लागतात. मी वडील म्हणालो. "वडील तर आत बसलेत तुमचे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हेही. त्यांनी तसंच लिहिलं.

नाना, तुम्ही इथं राहता का? घाई नाही. खाट महिनाभर धरून ठेवायला सांगितली आहे. गाडी केजहून तर आहेच, आणि परळीला रेल्वे आहे, नांदेडहून सरळ येता येईल. मी स्टेशनवर थांबेन.

आबांनाही विचारलं. उत्तर यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी म्हणाले, "येऊ दे. पण खिडकी माझी."

आपला,
बारक्या